फागूमास्तरांची बोटं

फागूमास्तरांनी शाळेच्या पटांगणात आम्हा पोरांना ओळीनं उभं केलं आणि एकेकाचा ओठ वर करून दात पाहिले, तेव्हा माझ्या बाबांचा त्यांच्यावर जीव जडला. मी शाळेसाठी मामांकडे राहायची, आणि बाबा त्या दिवशी त्यांच्या घरी तांदूळ पोचवायला कामठ्याहून गोंदियाला आले होते आणि परत जाताना शाळेच्या कुंपणाशी छकडा उभा करून बघत होते. दात बघून बैल पारखणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती, दात बघून विद्यार्थी पारखणारा मास्तर पहिल्यांदाच पाहिला. छकडा उलटा फिरवून मामीकडे आले आणि म्हणाले, "शाळेत एक तरी माणूस कामाचा आला."

बाकी कोणाचं असं मत नव्हतं. हेडमास्तरांचं तर मुळीच नव्हतं. फागूमास्तर मोठ्या लढाईच्या आधीपासून पलटणीच्या बँडमध्ये होते. पलटण सुटल्यावर देवरीकडच्या आपल्या गावी दोन पावसाळे काढले, करमेना, मग आमच्या शाळेत कवायत शिकवायला आले. नेमणूक कच्ची. लढाईत किती माणसं मारली, असं पोरांनी विचारलं की म्हणायचे, "बंदूक कायले पाहिजे गा? बेसूर वाजवला का समोरचा आपसूक मरते."

अंगानं काटकुळे. मिशा मात्र कडक, आणि त्या कडक ठेवायला ते रोज सकाळी भाताची पेज लावत. आमच्याकडे कपड्यांना पेजेची खळ देतात, मिशांना देणारे ते एकटेच. पावसाळ्यात ती खळ टिकत नसे आणि मिशांची टोकं दिवसभरात हळूहळू खाली येत. नव्या माणसाला वाटे, मास्तरांना काहीतरी दुःख आहे. दुःख कसलं, हवा दमट असायची.

डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येई. अठरा वर्षं पलटणीतल्या मोठ्या ढोलाच्या शेजारी उभं राहिल्याचं ते बक्षीस. त्याचा उपयोगही ते बरोबर करत. हेडमास्तरांनी बोलावलं की डावा कान पुढे करून उभे राहायचे आणि बोलणी संपल्याचं ओठांवरून ओळखून "जी साहेब" म्हणायचे.

पण खरी गंमत त्यांच्या बोटांची. ती कधी गप्प नसत. सायकलच्या दांडीवर, छडीवर, स्वतःच्या मांडीवर, चहाच्या कपावर, सदानकदा वाजत. तोंडानं एक बोलणं चालू आणि बोटांनी दुसरीच धून. हेडमास्तर रागावत असताना मास्तरांचे हात पाठीमागे बांधलेले असत आणि बोटं तिथं खुशाल नाचत असत. ते आम्हाला मागच्या खिडकीतून दिसे आणि आम्ही दप्तरात तोंड खुपसून हसायचो. अठरा वर्षं त्यांनी क्लॅरनेट वाजवलं होतं, पण ते सरकारचं. नोकरी सुटली त्या दिवशी ते कोठीत जमा करून आले. स्वतःचं असं वाद्य त्यांच्याकडे कधीच नव्हतं. बोटांना ही गोष्ट कोणी कळवलेली दिसत नव्हती.

तर झालं असं की, शाळेला सव्वीस जानेवारीसाठी बँड हवा होता. एका राइस मिलवाल्यानं चार ढोल आणि दोन बिगुल दिले होते, ते व्हरांड्यात धूळ खात पडले होते. हेडमास्तरांनी मास्तरांना सांगितलं, सव्वीस जानेवारीला नीट बँड वाजला तर तुमची नेमणूक पक्की करायची शिफारस करतो, नाही वाजला तर ढोल स्काउटांना आणि तुम्ही तुमच्या गावी. हे त्यांनी मास्तरांच्या उजव्या कानाशी सांगितलं, त्यामुळे ऐकू आलं.

मास्तरांनी सामान पाहिलं आणि आमच्यासमोरच म्हणाले, "ढोल आणि बिगुल म्हणजे नुसता भात. वरण कुठं आहे? क्लॅरनेट पाहिजे." शाळेकडे त्यासाठी छदाम नव्हता. तोंड जमेल असं पोर शोधायचं आणि वाद्य त्याच्या बापानं घ्यायचं, म्हणून ते दात बघणं. क्लॅरनेट धरतात ते वरच्या पुढच्या दातांनी, आणि खालचा ओठ त्याला गादीसारखा लागतो. माझे दात पुढे, खालचा ओठ जाड. याच तोंडामुळे हिचं लग्न जमणार नाही, असं मामी वर्षभर म्हणत होती. मास्तरांनी माझा ओठ सोडला आणि म्हणाले, "ही दातवाली क्लॅरनेट. हिच्या बापाले बलवा." माझ्या तोंडाचं कोणी कौतुक केल्याची तेवढीच आठवण माझ्याकडे आहे, आणि ती मी आजतागायत पुरवून खाते आहे.

बाप कुंपणाशी उभाच होता. आमच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या तलाव बांधले, त्यांचे बांध म्हणजे पाळी रचल्या, पाट काढले, पण गाणं-बजावणं कोणी केलं नाही. तरी बाबा लगेच हो म्हणाले. दात पाहून केलेली निवड चुकत नाही, एवढं त्यांना पुरे होतं. मामीनं मात्र कपाळाला हात लावला. पोरीच्या जातीनं पुंगी वाजवायची आणि तीही लोकांसमोर, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. ती शेवटपर्यंत त्याला पुंगीच म्हणाली.

नवं क्लॅरनेट आणायचं तर मुंबई-कलकत्त्याहून, आणि ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मास्तरांना बाजारपेठेतल्या एका बँडवाल्या शेटकडे एक जुनं पडून असल्याचा पत्ता लागला. हा शेट लग्नसराईत बँड चालवी आणि लग्नं संपली की बैलबाजारात दलाली करी. रविवारी आम्ही तिघं गेलो. मास्तर त्याच्या माडीवर चढण्याआधी जिन्यातच जोडे काढायला लागले. बाबा म्हणाले, कोणता देव आहे वर? मास्तरांनी जोडे पायरीवर ठेवले. देवळापुढून सायकलवरून उतरायचेसुद्धा नाहीत असा हा माणूस, तिथं अनवाणी वर गेला.

शेटनं लाल मखमलीची पेटी उघडली. मखमल अर्धी उंदरांनी खाल्लेली. मास्तरांनी आधी नळीत नाक घातलं. म्हणाले, आधीचा वाजवणारा दारू पिणारा होता, पण सकाळी वाजवत नव्हता. मग तोंडाशी धरायच्या टोकावर अंगठा फिरवला. तिथं दातांच्या खुणा पडतात. म्हणाले, याचा डावा दात तुटका होता. शेट चाट पडला, कारण ते खरं होतं. मग त्यांनी पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी काढून छिद्रांवरच्या एकेका चामडी गादीखाली धरून ओढून पाहिली, हवा कुठून गळते ते बघायला. सगळं झाल्यावर लोटाभर पाणी मागून खळखळून चूळ भरली, टोकाला फुंकेनं थरथरणारी वेताची पत्ती बांधली, आणि एक सूर लावला. एकच, लांब, खालचा. खाली रस्त्यावर एक टांगेवाला भांडत होता तो गप्प झाला. मास्तरांनी वाद्य तोंडातून काढलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांना रडू आलं होतं. मी तेरा वर्षांची होते, पण एवढं कळत होतं. मला तेव्हा वाटलं, हे माझ्यासाठी घेऊ नये, त्यांच्यासाठीच घ्यावं.

आता भाव. आणि इथं घोटाळा झाला.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा शेल्याखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात, जमलं की हात सोडतात. ठरलेला भाव मोडायचा नाही आणि चारचौघांत सांगायचाही नाही. बाबांनी आजवर कुठलीच मोठी वस्तू दुसऱ्या रीतीनं घेतली नव्हती. शेटलाही हीच रीत सोयीची. बाबांनी खांद्यावरचा शेला काढला. पण बाबांना बैलाची किंमत कळे, क्लॅरनेटची कळत नव्हती. म्हणून त्यांनी मास्तरांना किती ते कानात सांगितलं, उजव्या कानात, आणि हात घालायला मास्तरांना बसवलं.

मास्तरांनी शेल्याखाली शेटचा हात धरला आणि विचारात पडले. विचारात पडले म्हणजे काय होणार? बोटं सुरू झाली. शेट आधी चमकला, मग खूश झाला, मग अगदी गहिवरला. बाबा शेल्याकडे बघत होते, शेल्यात उंदीर शिरल्यासारखी वळवळ चालली होती. त्यांनी "मास्तर, मास्तर" म्हणून हाक मारली, ती डाव्या बाजूनं. तेवढ्यात शेटनं हात सोडला आणि बाबांच्या पायाला हात लावला. सौदा झाला होता.

बाबांनी पैसे दिले. रीत म्हणजे रीत. किती दिले ते मला आजही माहीत नाही, पण शेटनं आपणहून वर एक जरीची टोपी फुकट दिली, त्यावरून अंदाज करावा. रस्त्यावर आल्यावर मास्तर चाचरत म्हणाले, "पाटील, मी तर निस्ता इचार करून राहिलो होतो."

"इचार डोक्यानं करा ना गा मास्तर," बाबा म्हणाले. "बोटानं काऊन करून राहिले?"

मास्तरांच्या मिशा त्या दिवशी कोरड्या हवेतही खाली आल्या.

यापुढचा पराक्रम मामीचा. तिच्या घरात दुसऱ्याच्या तोंडाचा पेला राखेनं घासून तीनदा विसळल्याशिवाय चुलीजवळ येत नसे. आणि ही पुंगी तर कोण कुठल्या वाजंत्र्यांच्या तोंडात वर्षानुवर्षं गेलेली, त्यात एक दारुडा, तुटक्या दाताचा. हे सगळं मीच तिला रंगवून सांगितलं होतं, गाढव कुठली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेल्यावर तिनं पेटी उघडली, तुकडे वेगळे केले, आणि धान उकडायच्या गुंडात, मोठ्या पितळी हंड्यात, टाकून चांगली उकळी आणली. वर चिंच लावून घासली आणि उन्हात वाळत घातली. हे तिनं प्रेमानंच केलं. पोरीच्या तोंडात कोणाचं उष्टं जाऊ नये म्हणून ती बिचारी दोन तास चुलीपुढे बसली होती.

मी घरी आले तर चामडी गाद्या फुगून सुटलेल्या, सांध्यांची बुचं निघालेली, आणि लाकूड इतकं फुगलेलं की एक तुकडा दुसऱ्यात जाईना. टॉवेलात सगळं गुंडाळलं आणि रडत मास्तरांच्या खोलीवर गेले. सव्वीस जानेवारीला तेव्हा सात आठवडे उरले होते.

मास्तरांनी टॉवेल सोडला. बघत राहिले. आणि त्यांची बोटं थांबली. दहाच्या दहा. मी घाबरले ती त्यानं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग ते उठले, सायकल काढली, मला मागे बसवलं आणि थेट मामीच्या दारात आले. मला वाटलं, आता होणार तमाशा. मास्तर ओसरीवर बसले, पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, "बाई, मी वरण म्हटलं होतं खरं. पण शिजवाले नव्हतं सांगितलं."

मामी पदर सावरून म्हणाली, उष्टं होतं.

"होतं ना," मास्तर म्हणाले. "पण तुमी आता जो श्वास घेतला, तो तुमच्या आधी कोणी घेतला, माहीत आहे? सगळं गोंदिया एकमेकाइची उष्टी हवा घेऊन राहिलं, बाई. कशाकशाले उकळी देसाल?"

मामीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. पुढे कितीतरी महिने जोराचा श्वास घेतला की तिला ते आठवे आणि हातातलं काम सोडून हसत बसे.

उपाय मास्तरांनीच काढला. उन्हात ठेवलं तर लाकूड तडकेल, सावलीत ठेवलं तर बुरशी धरेल. ते बाबांना म्हणाले, तुमच्याकडे कोरडं धान आहे ना? कामठ्याला आमच्या घरी बांबूची मोठी ढोली होती, नव्या धानानं गळ्यापर्यंत भरलेली. क्लॅरनेटचे तुकडे फडक्यात बांधून बाबांनी त्या धानात पुरले. धान हळूहळू ओल ओढून घेतं. तीन आठवडे ते तिथं राहिलं, आणि दर रविवारी मास्तर गोंदियाहून सायकल मारत यायचे, बाही वर करून ढोलीत खांद्यापर्यंत हात घालायचे, डोळे मिटून चाचपायचे आणि म्हणायचे, "आणखी ओलं आहे." मग आमच्याकडे जेवून परत. बाबा म्हणत, गाभण म्हशीलाही एवढं कोणी तपासत नाही.

गाद्यांसाठी लोकर हवी आणि मऊ चामडं हवं. चामडं मोच्याकडून आलं. लोकर मास्तरांनी आणली. बारीक गोल चकत्या, सुबक कापलेल्या, खाकी रंगाच्या. त्या कुठून आल्या हे मला पौषातल्या थंडीत कळलं, सकाळी सहाच्या सरावाला मास्तर नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत उभे राहू लागले तेव्हा. पलटणीचा ओव्हरकोट त्यांच्याजवळची एकुलती एक चांगली वस्तू होती. मी विचारलं तर म्हणाले, "कोट कोणाच्या बापाचा? सरकारचा. माह्या क्लॅरनेटच्या बदल्यात ठेवून घेतला होता मी."

वाद्य जुळलं तेव्हा महिनाही उरला नव्हता. मास्तरांनी मला शिकवायला एकच धून धरली. ती त्यांची स्वतःची होती. त्यांच्या गावच्या बाया धानाच्या रोवणीच्या वेळी चिखलात वाकून जे गातात, त्याची चाल त्यांनी उचलली, खाली ढोलाचे ठोके दिले आणि तिला 'मार्च नंबर एक' असं नाव ठेवलं. दोन नंबर नव्हताच. मी बरी वाजवायची, पण तिसऱ्या ओळीत दर वेळी डाव्या हाताची अनामिका एक मात्रा आधीच उचलायची आणि सूर वर उडायचा. मास्तर डोळे मिटून असले तरी लगेच म्हणायचे, "सुटला घोडा." रागवायचे नाहीत. पण शंभर वेळा वाजवलं तर शंभर वेळा म्हणायचे. मी हट्टानं पुन्हा वाजवायची आणि पुन्हा घोडा सुटायचा.

सव्वीस जानेवारीला पटांगण भरलं. पाहुणे कोणी मोठे अंमलदार होते, टोपीवाले. झेंडा वर गेला, मास्तरांनी हात उचलला, आणि ढोल सुरू झाले. मी जरीची टोपी घालून पुढे उभी. पहिला सूर लागला आणि मग तोच मला ओढत घेऊन गेला. कुंपणापाशी बायांची गर्दी होती. दुसऱ्या ओळीला त्यांच्यात कुजबुज झाली, आणि मी वाजवता वाजवता पाहिलं, दोघीतिघी वाकून एकमेकींना रोवणीचे हात करून दाखवत होत्या, पदराआड हसू दाबत. त्यात मामी होती. तिसऱ्या ओळीला अर्थात घोडा सुटला. टोपीवाल्या पाहुण्यांसमोर सलामी ठोकून उभ्या असलेल्या मास्तरांच्या मिशा किंचित हलल्या. काय म्हणाले ते मला दहा पावलांवरून कळलं.

पाहुण्यांना धून फार आवडली. भाषणात म्हणाले, अशी अस्सल विलायती चाल या भागात ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. हेडमास्तरांनी अभिमानानं मान हलवली. मास्तरांनी एवढा कडक सॅल्यूट ठोकला की मिशीतून वाळलेल्या पेजेचा पापुद्रा पडला. त्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक पक्की झाली.

मी मॅट्रिक होऊन शाळा सोडली, क्लॅरनेट मागे शाळेतच ठेवलं, दुसऱ्या दातवालीसाठी. लग्न झालं, दात असून झालं. मास्तर काही वर्षांनी निवृत्त होऊन देवरीकडे बहिणीकडे राहायला गेले. महाराष्ट्र झाला त्या साली हिवाळ्यात बाबांचा निरोप आला की मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं आहे, उजवं अंग पडलं, वाचा बसली. मी माहेरी आले आणि बाबांबरोबर मोटारीनं गेले. बाबांनी नव्या तांदळाची पिशवी घेतली होती.

मास्तर खाटेवर पडून होते, गळ्यापर्यंत जाड चादर. एवढा बडबड्या माणूस, तोंडातून नुसती हवा येत होती. पण मिशा कडक होत्या. त्यांची बहीण म्हणाली, सकाळी आधी मिशीला लावल्याशिवाय पेज पीतच नाहीत, वाटी उडवून देतात. मी हसले, आणि हसता हसता मला फार रडू आलं. मी खाटेच्या डाव्या बाजूला बसले. तो कान बहिरा, म्हणून बोलण्यात अर्थ नव्हता, पण हलता हात त्याच बाजूला होता.

चादरीखालून त्यांचा डावा हात आला आणि माझं मनगट धरून आत घेऊन गेला. क्लॅरनेटवर धरतात तसा अंगठा खाली, तीन बोटं वर. मग बोटं सुरू झाली.

पहिली ओळ मी लगेच ओळखली. दुसरी हळू गेली, दमून. मी श्वास धरून बसले. तिसऱ्या ओळीला पोचल्यावर त्यांची अनामिका एक मात्रा आधीच उचलली गेली. त्यांनी मुद्दाम उचलली. मेल्यानं शेवटपर्यंत माझी चूक तेवढी जपून ठेवली होती.

"सुटला घोडा," मी म्हणाले.

ऐकू आलं की नाही, देव जाणे. चेहऱ्याची जी अर्धी बाजू चालत होती ती हसली, आणि बोटं पहिल्या ओळीवर परत गेली.

बाबा पायथ्याशी उभे होते. चादरीखालची ती वळवळ ते केव्हाचे निरखून बघत होते. त्यांचे डोळे भरले होते, पण चालत आलेली सवय कुठे जाते? खाली वाकून हळूच मला विचारलं, "काय म्हणून राहिले मास्तर? किती?"

मी डोळे पुसले. "शेल्याखालचं सांगाचं नसते, बाबा."